शिट्टी वाजण्याआधीची वीस मिनिटं

२०२२ च्या डिसेंबरमधली गोष्ट. पोलीस भरतीचं ग्राउंड जानेवारीत सुरू होणार होतं. उरणमधल्या आमच्या वस्तीतली पंधरा-सोळा मुलंमुली रोज पहाटे साडेपाचला विहाराशेजारच्या मैदानात जमायची. धावणं शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक काका होते. आमच्याकडे नर्सिंगचा डिप्लोमा आणि वॉर्डातली वर्षं, म्हणून मुलांचं वजन, रक्तदाब, खाणंपिणं बघायला आम्ही जात होतो. एके दिवशी काका गावाला गेलेले. मुलं म्हणाली, "ताई, आज वॉर्मअप तुम्हीच घ्या."

आम्ही घेतला. शाळेत पीटीच्या तासाला जे केलं होतं तेच आठवून घेतला. जागेवर उभं राहून कमरेत वाकायचं, पायाचे अंगठे धरायचे, तीस आकडे थांबायचं. मग पाय मागे ओढून मांडी ताणायची, पुन्हा तीस आकडे. असं तीन-तीन वेळा. बाहेर गारवा होता, मुलं कुडकुडत ताण धरून उभी होती आणि आम्हाला वाटत होतं की सगळं किती शिस्तीत चाललंय. मग आम्ही शिट्टी वाजवली आणि थेट शंभर मीटर पळायला लावलं. निम्मं अंतरही झालं नसेल, एक मुलगी उजव्या मांडीच्या मागे हात धरून खाली बसली.

ती आदल्या रात्री बंदराजवळच्या एका गोदामात रात्रपाळी करून, घरी न जाता थेट मैदानात आली होती. हे आम्हाला नंतर कळलं, कारण आधी आम्ही विचारलंच नव्हतं. ग्राउंडला तीन आठवडे उरले होते. मांडीला क्रेप बँडेज बांधून ती गेली. आठशे मीटर कसेबसे पूर्ण केले, शंभर मीटरला पाय उचललाच नाही. ग्राउंडच्या ५० गुणांपैकी निम्मे मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेला बोलावत नाहीत. ती तिथेच बाहेर पडली. पुढचं ग्राउंड आलं ते थेट २०२४ च्या जूनमध्ये.

चूक तिची नव्हती आणि नशिबाचीही नव्हती. चूक आमची होती. वॉर्मअप म्हणजे खऱ्या व्यायामाआधी उरकायची गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवसापासून आम्ही वाचलं, विचारलं, मुलांबरोबर करून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडत आहोत. आपल्या अनेक वस्त्यांमध्ये भरतीची तयारी करणारी मुलं आहेत, जयंतीच्या लेझीमचा सराव आहे, समता सैनिक दलाची कवायत आहे. आणि बहुतेक ठिकाणी पुढे उभं राहणारा माणूस आमच्यासारखाच असतो. त्याला तळमळ असते, पण हे काम त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

अंग तापतं म्हणजे काय होतं?

आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा हृदयातून निघालेल्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जोरात पळताना हाच वाटा ८० टक्क्यांच्या आसपास पोचतो. रक्ताची ही वाटणी बदलायला शरीराला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं न देता शिट्टी वाजवली, तर पाय आधी पळायला लागतात आणि रक्त मागून येतं.

हळूहळू अंग तापलं की स्नायू ऊबदार आणि लवचीक होतात. मेंदूकडून स्नायूकडे जाणारा निरोप जलद पोचतो. सांध्यातलं वंगण पातळ होऊन सांधा सहज फिरतो. श्वास आणि नाडी पायरी-पायरीने वर चढतात, त्यामुळे पहिल्याच फेरीला धाप लागत नाही. अंग तापल्याची खूण सोपी आहे. कपाळावर आणि मानेवर बारीक घाम येतो, पण शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं. बोलणं तुटायला लागलं तर आपण जास्त केलं असं समजावं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वॉर्मअपने सगळ्या दुखापती टळत नाहीत. उन्हाचा तडाखा, उपाशी पोट, अपुरी झोप, एका आठवड्यात दुप्पट केलेला सराव यांवर वॉर्मअप हा उतारा नाही. २०२४ मध्ये आपल्याकडे आणि झारखंडमध्ये भरतीच्या मैदानी चाचणीत धावताना तरुणांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. वॉर्मअप केला म्हणून मुलं सुरक्षित झाली, असं कुणी समजू नये.

ताण धरून उभं राहण्याची जुनी सवय

आम्ही त्या दिवशी घेतला तो 'स्थिर ताण'. त्यात स्नायू ताणून, न हलता थांबायचं असतं. दुखापत टाळायची तर आधी हे करायलाच हवं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जवानांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी अंग तापवण्याचे सक्रिय व्यायाम केले. अर्ध्यांनी त्यात पायांच्या स्नायूंचे स्थिर ताणही घेतले, उरलेल्यांनी घेतले नाहीत. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतल्या पायांच्या दुखापतींत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. फरक पडला तो मुळातल्या दमसासाचा. ज्यांचा दम आधीपासून चांगला होता, त्यांना दुखापती कमी झाल्या.

पुढच्या अभ्यासांतून असंही दिसलं की एकाच स्नायूला मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताण धरला, तर लगेच नंतरच्या वेगवान धावेत आणि उडीत ताकद थोडी घटते. आम्ही तीस-तीस आकड्यांचे तीन ताण घेतले होते, तेही थंड अंगावर आणि लगेच शंभर मीटरच्या आधी. स्थिर ताण वाईट नाही. त्याची जागा सरावानंतर आहे, अंग शांत करताना.

हालचालींनी बांधलेल्या वॉर्मअपचा मात्र उपयोग दिसला आहे. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने वीस मिनिटांचा एक वॉर्मअप तयार करून घेतला. त्यात हळू पळणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट उतरणं असे १५ व्यायाम आहेत. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर त्याचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झालेल्या आढळल्या. त्यासाठी कुठलंही महागडं साहित्य लागलं नाही. एक चेंडू, मोकळी जागा आणि नेमाने घेणारं माणूस, एवढंच लागलं.

आराखडा शेवटाकडून सुरू करावा

वॉर्मअप आखताना पहिला प्रश्न 'कुठले व्यायाम घेऊ?' असा नसावा. 'यानंतर ही मुलं काय करणार आहेत?' असा असावा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोची गोळाफेक असते. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. लांब धावेसाठी श्वास आणि पोटऱ्या तयार हव्यात. शंभरासाठी मांडीचा मागचा भाग आणि खुबा. गोळ्यासाठी खांदा, मनगट, पाठ, शिवाय पायातून येणारी ताकद. ज्या दिवशी जो सराव, त्या दिवशी वॉर्मअपच्या शेवटच्या भागात त्याचीच छोटी, हळू आवृत्ती यायला हवी.

ब्रिटनमधले प्रशिक्षक इयान जेफ्रीज यांनी २००७ मध्ये मांडलेली एक रीत जगभर वापरली जाते. तिच्या पायऱ्या आम्ही मुलांना आपल्या शब्दांत शिकवल्या. तापवा, जागवा, मोकळं करा, जुळवा. त्यावरून बसवलेला आमचा वीस मिनिटांचा क्रम असा आहे.

पहिली पाच मिनिटं, तापवा. दोन मिनिटं झपाझप चालणं. मग मैदानाभोवती हळू पळणं, त्यातच थोडं उलटं, थोडं आडवं. गप्पा मारता येतील इतकाच वेग.

पुढची पाच मिनिटं, मोकळं करा. उभ्याने घोटे गोल फिरवणं. शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं, प्रत्येक पायाला दहा वेळा. लांब पाऊल टाकून गुडघा वाकवत पुढे जाणं, प्रत्येक पायाला आठ वेळा. हात गोल फिरवणं, कंबर डावी-उजवीकडे वळवणं. झटका नाही आणि कुठेही थांबून धरायचं नाही.

त्यानंतर चार मिनिटं, जागवा. अर्ध्या बैठका दहा. टाचा उचलणं पंधरा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं दहा, त्याने कुल्ले आणि मांडीचा मागचा भाग जागा होतो. एका पायावर वीस सेकंद उभं राहणं, दोन्ही बाजूंनी. मग जागेवर छोट्या पाच उड्या. उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवेत. गुडघ्याच्या आतल्या दोरीच्या, म्हणजे लिगामेंटच्या, दुखापती मुलींत जास्त होतात. त्यामुळे या उड्या आम्ही घाईत उरकत नाही.

शेवटची सहा मिनिटं, जुळवा. गुडघे उंच उचलत वीस मीटर, टाचा मागे लावत वीस मीटर, दोन-दोन वेळा. मग साठ मीटरच्या चार धावा. पहिली अर्ध्या जोराने आणि चौथी जवळपास पूर्ण जोराने. प्रत्येक धावेनंतर चालत परत. गोळ्याचा दिवस असेल तर आधी रिकाम्या हाताने फेकण्याची हालचाल, मग जागेवर उभं राहून हलकी फेक, मग खरी.

जिने मांडी धरली तिला त्या सकाळी या चार धावा मिळाल्या असत्या, तर पाचवी धाव तिची शंभर मीटरची असती.

हवामानाप्रमाणे यात बदल करावा. जानेवारीच्या पहाटे पहिला भाग दोन-तीन मिनिटं वाढवा. एप्रिल-मेमध्ये उरणच्या दमट हवेत अंग आपोआप तापलेलं असतं, तेव्हा तोच भाग कमी करा आणि पाणी पिण्याची वेळ आराखड्यातच लिहून ठेवा. जागाही पाहून घ्या. पीरवाडीच्या किनाऱ्यावर मऊ वाळूत पळायला मुलांना आवडतं, पण त्यात पोटरीवर आणि टाचेच्या नसेवर जास्त ताण येतो. तिथे आम्ही ओल्या, घट्ट वाळूवरच वॉर्मअप घेतो. कंटेनरचे ट्रेलर धावतात त्या रस्त्यावर अंधारात मुलांना कधीच नेत नाही.

पुढे उभं राहणाऱ्याचं काम

वॉर्डात ड्युटी सुरू करताना आम्ही आधी पेशंटकडे बघायचो, मग केसपेपरकडे. मैदानावरही तसंच करावं लागतं. सुरुवातीला गोल करून तीन प्रश्न विचारतो. रात्री किती झोपलात? सकाळी काय खाल्लं? कुठे दुखतंय? पाळी, जुलाब, ताप अशा गोष्टी चारचौघांत कुणी सांगत नाही. म्हणून सांगून ठेवतो की ज्याला सांगायचं असेल त्याने पाणी पिताना बाजूला येऊन सांगा. पाळीत पळू नये असं काही नाही, अंगाला झेपेल तितकं पळावं. मात्र रक्तस्राव फार असेल किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी हळू.

रात्रपाळी करून आलेल्याला 'आज फक्त वॉर्मअप' ही मुभा आहे. वॉर्मअप करायचा, हलके ताण घ्यायचे आणि घरी जाऊन झोपायचं. त्याची हजेरी पूर्ण लागते. हा नियम केला तेव्हा काकांना तो पटला नव्हता. म्हणाले, पोरं सवलत घेतील. कुणी घेतली नाही. उलट मुलं खरं सांगायला लागली.

उभं राहायचं ते सगळ्यांना दिसेल असं, शक्यतो सूर्य आपल्या तोंडावर येईल असं, म्हणजे मुलांच्या डोळ्यांत ऊन जात नाही. समोरासमोर उभं राहिल्यावर 'उजवा' म्हणताना आपला डावा दाखवावा, नाहीतर निम्मी रांग गोंधळते. नवीन व्यायाम आधी न बोलता करून दाखवावा, मग थोडक्यात सांगावा, मग सगळ्यांनी करावा. नवख्या मुलांना मागच्या रांगेत ढकलू नये. ती मधे असली की पुढचं-मागचं बघून शिकतात.

प्रत्येक व्यायामाच्या दोन पायऱ्या हाताशी ठेवाव्यात. बैठक न जमणाऱ्याने भिंतीला हात लावून करावी. उडी न झेपणाऱ्याने टाचा उचलाव्यात. ही सोपी पायरी सगळ्यांना आधीच सांगावी. एखाद्याला एकट्याला थांबवून 'तू हे कर' म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. कुणाच्या वजनावर, कपड्यांवर, पायातल्या चपलेवर हसू द्यायचं नाही. बूट नसलेली मुलं असतील तर सगळ्यांनीच गवतावर वॉर्मअप करावा. आणि वॉर्मअप शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. उशिरा आलेल्याला पाच राऊंड मारायला लावणं म्हणजे थंड अंगाला पळवणं.

वेग ठरवायचा तो सगळ्यात मागे असलेल्याकडे बघून. पुढच्यांना कंटाळा येत असेल तर त्यांना गुडघे जास्त उंच उचलायला सांगता येतं, पण मागच्याला ओढत नेता येत नाही. पाली विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा सोण साधनेच्या उत्साहात चालत राहिला, इतका की तळपायातून रक्त आलं. तो वीणा वाजवत असे. म्हणून भगवान बुद्धांनी त्याला विचारलं की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर? पहिल्या दिवसापासून अंगाची चाळण करून घेणाऱ्या आमच्या मुलांना ही कथा आम्ही सांगितली, तेव्हा त्यांना ती लगेच पटली. त्यांचेही पाय सोलवटलेले होते.

चेहरा बघा, श्वास ऐका

वॉर्मअपची वीस मिनिटं ही आमच्यासाठी तपासणीची वीस मिनिटंही असतात. सगळे हळू पळत असताना एखादीच धापा टाकते, ओठ पांढुरके दिसतात, जिना चढतानाही दम लागतो असं ती सांगते. तिला 'स्टॅमिना कमी आहे' म्हणून जास्त पळवू नका. तिचं हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा मुलींच्या रांगेत पाच-सहा जणींचं रक्त कमी असू शकतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा आजार आईवडिलांकडून येतो. विदर्भात आदिवासींबरोबरच आपल्या समाजातही तो आढळतो आणि नोकरीनिमित्त तिकडून आलेली अनेक कुटुंबं आज मुंबई, नवी मुंबई, उरण भागात आहेत. ज्याला दोन्हींकडून दोष मिळतो तो रुग्ण, एकाकडून मिळतो तो वाहक. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला ते माहीतही नसतं. पण ऊन, अंगात पाणी कमी आणि न थांबता अतिश्रम हे तिन्ही एकत्र आले, तर वाहकाच्या तांबड्या पेशीही वेड्यावाकड्या होऊ शकतात. अशा वेळी पाय एकदम दुबळे पडतात, दुखतात, श्वास जोरजोरात चालतो. हे पोटरीत गोळा येण्यासारखं वाटतं, पण स्नायू दगडासारखा घट्ट होत नाही, आणि बऱ्याचदा हे धावेच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच होतं.

घाबरून मुलांना घरी बसवू नका. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम लागू असलेल्या त्या सैन्यात सिकलसेल वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. अतिश्रमाने स्नायूंची मोडतोड होण्याचा धोका मात्र त्यांच्यात दीडपट होता. म्हणजे काळजी घेतली तर वाहकही पळू शकतो. ती काळजी साधी आहे. तपासणी करून घ्या. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. वाहकाला वॉर्मअप पूर्ण द्या, सराव टप्प्याटप्प्याने वाढवा, मधे थांबू द्या. आजारपणातून उठलेल्याला पहिल्याच दिवशी वेळ लावून पळवू नका.

पळताना छातीत दुखणं, धडधड वाढून डोळ्यांपुढे अंधारी येणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग मैदान. उन्हात कुणी कोसळला, बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तरतरी यावी म्हणून एनर्जी ड्रिंक, गोळी, इंजेक्शन घेणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की त्याने अंगाची धोक्याची घंटा बंद होते, धोका तसाच राहतो.

ग्राउंडच्या दिवशी

सरावात वॉर्मअप आणि धाव लागोपाठ असतात, ग्राउंडवर तसं नसतं. कागदपत्रं, उंची, छातीचं माप, चेस्ट नंबर, मग रांग. अंग तापवून तुम्ही तयार होता आणि पाळी येते पाऊण तासाने. तापलेला स्नायू पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा निवायला लागतो. म्हणून मुलांना आम्ही छोटा वॉर्मअप पाठ करून देतो. जागेवर दोन मिनिटं हलकं पळणं, पाय झुलवणं, दहा अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, पाच-सहा वेळा गुडघे उंच. रांगेत उभ्या उभ्या पाच मिनिटांत होतं. पाळी येईपर्यंत जर्किन अंगावरून काढायचं नाही. एक इव्हेंट झाला की दुसऱ्याआधी हाच छोटा वॉर्मअप पुन्हा. सकाळी निघताना केळं किंवा चपाती-गूळ पोटात हवा आणि पाण्याची बाटली सोबत हवी.

सराव संपल्यावर धप्पकन खाली बसू नये. पाच मिनिटं चालावं आणि मग ते तीस आकड्यांचे ताण घ्यावेत, जे आम्ही चुकीच्या वेळी घेतले होते.

लेझीमच्या आधीही

एप्रिल आला की विहारापुढे लेझीमचा सराव सुरू होतो. त्यात दहा वर्षांची मुलं असतात तशा पन्नाशीच्या बायाही असतात. दिवसभर उभ्याने काम करून त्या येतात आणि हलगीचा ठेका पडला की थेट वाकून खेळायला लागतात. दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात आणि 'आता वय झालं' म्हणतात. वय झालेलंच नसतं, अंग थंड असतं. लेझीमसाठी वेगळं काही लागत नाही. दहा मिनिटं पुरतात. आधी ठेक्यावर नुसतं चालणं, मग खांदे आणि मनगटं फिरवणं, गुडघे थोडे वाकवून उठणं, मग लेझीम हातात न घेता तेच डाव अर्ध्या वेगाने. वाकायचे डाव सगळ्यात शेवटी. गुडघेदुखी असलेल्यांनी न वाकता खेळावं. रांग बिघडत नाही.

पहिल्या दिवशी मांडी धरून बसलेली ती मुलगी आता कुठे आहे, असं वाचक विचारतील. तिची मांडी बरी व्हायला दोन महिने गेले. आधी चालणं, मग हळू पळणं, मग बैठका असं करत ती परत उभी राहिली. २०२४ च्या पावसात तिने पुन्हा ग्राउंड दिलं, तिन्ही इव्हेंट पूर्ण केले आणि लेखीला पोचली. अंतिम यादीत काही गुणांनी राहिली. गोदामातलं काम सुरूच आहे, अभ्यासही सुरू आहे. वयोमर्यादेत अजून बसते, पुढच्या भरतीला पुन्हा उतरणार आहे.

आमच्या मैदानावर आता वॉर्मअप तीच घेते. पहिला प्रश्न तिचा ठरलेला असतो, "रात्रपाळी कुणाची होती?" हात वर झाले की त्यांच्याकडे बघून ती वेग ठरवते. शिट्टी तिच्या गळ्यात असते, पण वीस मिनिटं झाल्याशिवाय ती वाजवत नाही.